दशकाच्या घरातलं बटण

बुधवार, १२ मार्च १९८६

प्रिय ब्रोन्या,

गेल्या रविवारी तुझी इरेन येऊन गेली. दार उघडलं आणि क्षणभर वाटलं, तूच उभी आहेस. तेच रुंद कपाळ, तीच मान जरा तिरकी करून बघायची तऱ्हा. हातात खसखशीचा केक. म्हणाली, "आईनं केलेला नाही हं, मी केलाय, त्यामुळे जरा दगडासारखा झालाय." दगड परवडला गं! माझी खालची कवळी अजून कुरकुरतेय. पण पोरगी गुणाची आहे. माझी चिकोरीची कॉफी तीन वाट्या प्यायली आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. लीलला शिक्षकांचं कसलं शिबिर होतं, तिथे जाता जाता वाट वाकडी करून आली. निघताना कोट चढवता चढवता तुझ्याबद्दल एक गोष्ट सहज बोलून गेली. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. त्या गोष्टीसाठीच लिहायला बसलेय, पण एकदम तिथे पोचायची हिंमत नाही. तुझा भाऊ लुद्विक आणि त्याचा दिवा, त्याबद्दलच आहे हे पत्र. नको वाटलं तर इथेच फाडून टाक. पण शक्यतो फाडू नकोस.

इकडचं सांगायचं तर आपली कोळशाची खाण, सेंत-ऑर्टान्स, बंद झाली ते तुला कळलंच असेल. आता वरचा लोखंडी मनोराही पाडला. सगळी वस्ती बघायला जमली होती, बायका घरून खुर्च्या घेऊन आल्या होत्या. ओनोरे असता तर त्याला बघवलं नसतं. मी विधवा होऊन चार वर्षं झाली, छातीत भरलेल्या खाणीच्या धुळीनंच नेलं त्याला. त्याची कबुतरं मी शेजाऱ्याला देऊन टाकली. त्यातलं एक अजून येऊन माझ्या पत्र्यावर बसतं, तेवढीच सोबत. आपण खाणीत उतरणाऱ्यांचे दिवे सांभाळायचो ते दिवेघर मात्र अजून उभं आहे. दार मोडलंय, म्हणून मी आत जाऊन आले. मांडण्या आहेत तशाच आहेत, ब्रोन्या. खुंट्यांवरचे दिवे तेवढे कुणीतरी काढून नेलेत.

तुला आठवतं ना, मी दिवेघरात कशी चिकटले ते? आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. शाळा सुटली आणि चूल हातात आली. अक्षरं ओळखायची मी, आकडेही सुटे सुटे ओळखायची. तीन म्हणजे तीन, चार म्हणजे चार. पण ते ओळीत उभे राहिले की मी अडायचे. आणि काम काय मिळालं, तर सातशे माणसांचे सातशे दिवे नंबराप्रमाणे द्यायचे आणि परत आले की नंबराप्रमाणे टांगायचे! एकेका शंभराची एकेक मांडणी, मांडणीत दहा फळ्या, फळीला दहा खुंट्या. दाराजवळची मांडणी वेगळी, साहेबलोकांची, शंभरपर्यंतची; तिच्यापुढे पहिली, दुसरी, तिसरी अशा कामगारांच्या. मी काय करायचे? मी माणसं पाठ केली होती. जाड भुवयांचा आला की चौथी मांडणी, खालून दुसरी फळी, टोकाची खुंटी. ओनोरे तिसऱ्या मांडणीतला. तुझा लुद्विकही तिसऱ्याच मांडणीतला, सगळ्यात वरची फळी, तीनशे चार. आकडा न वाचता माझा हात बरोबर जायचा. सहा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

तू दिवेघरात कामाला आलीस आणि तुला पंधरा दिवसांत लागला. नवीन माणूस आला, चेहरा ओळखीचा नाही, आणि मी दिवा हातात धरून उभी. तू तो माझ्या हातून घेतलास आणि टांगलास. दुपारी फक्त एवढंच म्हणालीस, "झेली, संध्याकाळी कॉफीला ये. येताना मूठभर घेवडा आण." मला वाटलं, या पोलिश बाईला सूप करायचं असेल.

सूप कसलं! तू टेबलावर खडूनं तीन घरं आखलीस. उजवीकडचं एककाचं, मधलं दशकाचं, डावीकडचं शतकाचं. दाणे उजवीकडे टाकत जायचे, दहा झाले की ते सगळे उचलायचे आणि त्यांच्याबद्दल एकच दाणा शेजारच्या घरात ठेवायचा. "दाणा तोच," तू म्हणायचीस, "पण कुठल्या घरात बसलाय त्यावर त्याचा मान." लुद्विक चुलीपाशी पाय शेकत बसलेला असायचा, मधूनच येऊन एखादा दाणा तोंडात टाकायचा आणि तुझ्या हातचा फटका खायचा. पहिल्या दिवशी तू डावीकडे तीन ठेवलेस, उजवीकडे चार, आणि मधलं घर तसंच रिकामं. मला विचारलंस, किती? मी म्हटलं, चौतीस. तू डोक्याला हात लावला नाहीस, हसलीही नाहीस. लुद्विकच्या कामाच्या कोटाचं बटण तुटलं होतं, चार भोकांचं, काळं, शिंगाचं. ते शिवायला म्हणून फडताळावर पडलं होतं. ते घेतलंस आणि मधल्या घरात ठेवलंस. "रिकामं घर असं उघडं टाकायचं नाही, झेली. टाकलंस तर शेजारी सरकून त्यात शिरतात. इथे कोणी नाही, पण घर आहे, एवढं सांगायला हे बटण." लुद्विक म्हणाला, "म्हणजे हे बटणराव काही काम करत नाहीत, आणि तरी त्यांच्यावाचून सगळ्यांचं अडतं. अगदी आपल्या मुकादमासारखे!" आपण तिघं किती हसलो होतो. नंतर तू ते बटण त्याच्या कोटाला शिवलंस. घरात काळा दोरा नव्हता म्हणून लाल दोऱ्यानं. तो कुरकुरला, तर म्हणालीस, "खाली अंधारात कोण बघायला येतंय?"

त्या हिवाळ्यात मी अकरा संध्याकाळी आले तुझ्याकडे. शेवटच्या दिवशी तू विचारलंस, "समजलं ना गं आता?" आणि मी म्हटलं, "समजलं." ब्रोन्या, मला समजलं नव्हतं. टेबलावर समजायचं, दाणे दिसत असताना. दाणे उचलले की परत सगळा गोंधळ. पण दिवसभर उभं राहून काम केलेल्या बाईनं आपल्यासाठी इतकी मेहनत घ्यायची आणि आपण तोंड वर करून म्हणायचं की नाही समजलं? लाज वाटली मला. तू इतकी खूश झालीस की मला कोबीचे चार रोल बांधून दिलेस.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. नोव्हेंबर पंचावन्न. सकाळची पाळी सहाला खाली गेली. दहाच्या सुमाराला मोजणीवाले कार्लिए साहेब एकटेच वर आले. आपल्याकडे त्यांना येऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांना जिल्ह्याच्या कचेरीत नकाशे घेऊन जायचं होतं, गाडीची घाई होती. खिडकीवर दिवा ठेवला, "जातो बाई," म्हणाले आणि गेले. दिव्यावरचा नंबर ३४. म्हणजे दाराजवळची साहेबांची मांडणी, एकतीसपासूनची फळी, चौथी खुंटी. तो दिवा तिथे गेला नाही. तो तिसऱ्या मांडणीत गेला, वरच्या फळीवर, चौथ्या खुंटीला. तीन आणि चार दिसले, आणि तीन म्हणजे तिसरी मांडणी, चार म्हणजे चौथी खुंटी. चौतीसमधे नसलेलं मधलं घर घुसडलं गेलं, चौतीसचे तीनशे चार झाले. लुद्विकचा दिवा तर त्याच्याबरोबर खाली होता, खुंटी रिकामीच होती. कुणाला अडचण झाली नाही.

अकराला जमीन हलली. कपबशा थरथरल्या, मग तो भोंगा. पुढचं तुला सांगायला नको. माणसं काळी होऊन वर येत होती, दिवे खिडकीवर ढीग करून टाकत होती. तू ते उचलत होतीस आणि टांगत होतीस, एकही चूक न करता. मी फक्त तुझ्याकडे सरकवत होते. दुपारी तीनला मोठे साहेब आले आणि म्हणाले, "खाली कोण राहिलंय त्याची यादी द्या, ताबडतोब." नेहमीची रीत, रिकाम्या खुंट्या मोजायच्या; खुंटी रिकामी म्हणजे माणूस अजून खाली. तू कागद घेऊन मांडण्यांसमोरून चालू लागलीस. तिसऱ्या मांडणीपाशी थांबलीस. वर बघितलंस. तुझा चेहरा असा उजळला ब्रोन्या, की तो मला मरेपर्यंत दिसणार आहे. वळून मला विचारलंस, "झेली, लुद्विकचा दिवा तू घेतलास?" आणि मी म्हटलं, "घेतला असेन. टांगलाय ना? मग आला असेल वर."

एवढंच बोलले मी. लुद्विक वर आला की डब्यातला उरलेला पावाचा तुकडा, खाणीतून परत आलेला म्हणून आपल्याकडे ज्याला चंडोल पक्ष्याचा पाव म्हणतात तो, खिडकीतून मला द्यायचा, "घ्या झेलीताई, चंडोलानं पाठवलाय," असं म्हणून. सहा वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता त्यानं. त्या दिवशी मला पाव मिळाला नव्हता. ते मला आठवायला हवं होतं. पण तुझा तो चेहरा बघून मला बरं वाटलं, आणि मी पुढे विचारच केला नाही.

यादीत सात नंबर होते. पाचपर्यंत सहा जण सापडले, दोन जिवंत, चार तसे नाहीत. सातवा चौतीस. कार्लिए साहेबांना तर सकाळी वर नेणाऱ्या पाळण्याकडे चालत जाताना लोकांनी पाहिलं होतं, म्हणजे पेटलेल्या भागात ते नसणार. आग वाढत होती. मोठ्या साहेबांनी तुझी यादी हातात धरूनच हुकूम दिला, "त्या बाजूला कोणी नाही. भिंत घाला, हवा तोडा." संध्याकाळी सहाला भिंत बंद झाली. तू सातला घरी गेलीस. तोवर समजत होतीस की तो बाहेर मदतीला धावतोय. घरी त्याचे बूट नव्हते, चूल थंड होती. तू धावत परत आलीस, फाटकावर सांगत सुटलीस, तर सगळे म्हणाले, "अगं, दिवा टांगलाय त्याचा! बसला असेल कुठे पीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्लिए साहेब स्टेशनवरून चालत आले आणि विचारू लागले, "कुणाला शोधताय?" मग कुणीतरी तीनशे चारच्या खुंटीवरचा दिवा खाली काढला आणि त्याचा नंबर वाचला. तू भिंत फोडा म्हणून मोठ्या साहेबांच्या पायाशी बसलीस. ते म्हणाले, भिंत फोडली तर हवा आत जाईल आणि अख्खी खाण पेटेल. अकरा दिवस, ब्रोन्या. अकरा दिवस तू फाटकाच्या बाहेर उभी होतीस आणि मी तुला सूप आणून देत होते.

बाराव्या दिवशी भिंत फोडली, त्या तुकडीत ओनोरे होता. लुद्विक भिंतीपासून तीस पावलांवर सापडला, डबा रिकामा, बाजूला हातोडी. हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. एक गोष्ट सांगितली नव्हती. तो जिथे बसला होता तिथून हवेचा पाइप जात होता. भिंत घालताना तो बाहेरच्या बाजूनं कापला होता. त्या पाइपावर ठोकल्याच्या खुणा होत्या, एकावर एक, रंग पार उडालेला. आणि त्याच्या मांडीशी एक फळी. ओनोरे मला म्हणाला, "अंधारात बिचाऱ्याचं डोकं फिरलं असावं. फळीवर दगडी कोळशाचे खडे मांडून खेळत बसला होता. डावीकडे दोन, उजवीकडे सात, आणि मधे कोटाचं बटण." त्यानं ते बटण खिशात घालून आणलं होतं. म्हणाला, "बहिणीला दे, आठवण म्हणून." लाल दोरा होता त्यात.

ओनोरेला ते वेड वाटलं. मला मात्र तसं वाटलं नाही. अकरा संध्याकाळी जे मला समजलं नव्हतं ते त्या क्षणी समजलं, लख्ख, कायमचं. दोनशे सात. दिवा विझल्यावर, हातानं चाचपून, दहा झाले की उचलायचे, शेजारच्या घरात एक ठेवायचा. तो काय मोजत होता ते देव जाणे. मला वाटतं, तो पाइप ठोकून जितक्यांदा हाका मारत होता तितक्या मोजत होता. दोनशे सात वेळा. मधल्या घरात काही नव्हतं तर त्यानं कोटाचं बटण तोडलं आणि तिथे ठेवलं. हे तुला सांगावं की नाही याच्यावर मी तीस वर्षं घालवली. त्याचं डोकं फिरलं नव्हतं, ब्रोन्या. तो शेवटपर्यंत तुझ्या टेबलाशी बसला होता. जगात त्या फळीवरचं वाचू शकणाऱ्या दोनच बायका होत्या, आणि त्यातली एक मूग गिळून बसली.

चौकशीत त्यांनी विचारलं, दहा वाजता खिडकीवर कोण होतं? चौतीस आणि तीनशे चार यांतला फरक न कळणारी बाई कोण? सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. आपल्या लोकांना ते सोपं होतं, बाहेरून आलेली ती तू. मी खाली बघत राहिले. आणि तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आठवत नाही साहेब. मीच असेन." त्यांनी लिहून घेतलं. मी घाबरले होते, बाकी काही कारण नाही. वस्तीत तोंड दाखवता येणार नाही, ओनोरे काय म्हणेल, एवढीच भीती. तू वसंतात गाव सोडून नार्बॉनला गेलीस. तुझी ट्रंक स्टेशनवर मीच ओढली, आणि तू माझ्याच खांद्यावर रडलीस.

आता इरेन काय म्हणाली ते. तिचा कोट मी दारामागच्या खुंटीवरून काढून दिला, तर हसून म्हणाली, "आमच्या घरात एकसुद्धा खुंटी नाही हो मावशी. आई ठोकूच देत नाही. कोट खुर्चीवर, किल्ल्या बशीत. आकड्यांच्या तर वाऱ्यालाही उभी राहत नाही, मला कधी पाढेसुद्धा म्हणायला लावले नाहीत. विचारलं तर एकच सांगते, मी एकदा चुकीच्या खुंटीला टांगलं आणि माझा भाऊ गेला." माझा हात कोटावरच राहिला. ब्रोन्या, तीस वर्षं मी समजत होते की तुला सगळं ठाऊक आहे. तू मला विचारलं होतंस, मी उत्तर दिलं होतं, मग तुला ठाऊक नसेल कसं? मला वाटलं, तू मुद्दाम माझ्यावर पांघरूण घातलंस. त्यासाठी दर रविवारी चर्चमध्ये मी तुझ्या नावानं मेणबत्ती लावत आले आणि त्यावर निवांत झोपत आले. तू खरंच स्वतःला दोषी समजतेस हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. माझं ते खोटं "समजलं" तू खरं धरलंस, म्हणून चूक माझी असेल असं तुला वाटलंच नाही. म्हणून हे पत्र. नीट वाच, दोनदा वाच, इरेनलाही वाचायला दे. दहा वाजता तू खिडकीवर नव्हतीस. तू मागच्या खोलीत दिव्यांच्या काचा पुसत होतीस, डोक्याला निळा रुमाल बांधून, गुणगुणत. तुझा आवाज मला ऐकू येत होता. ती यादी तू केलीस, पण रिकाम्या खुंट्या तू बरोबर मोजल्या होत्यास, एकही चुकली नव्हती. चौकशीच्या कागदांसाठी हेच सगळं मी वेगळ्या कागदावर लिहून काल नगरपालिकेत सहीनिशी देऊन आले. तिथल्या कारकुनानं विचारलं, "आजी, एवढ्या वर्षांनी याचं काय करायचं?" म्हटलं, "माझं नाव कुठे लिहायचं ते सांगते, तिथे लिही." बटण पाकिटात आहे, दोऱ्यासकट. ते तुझंच होतं, मी फुकट ठेवून घेतलं. मला माफ कर असं लिहिणार होते, पण तेवढं तोंड मला उरलेलं नाही. दाराच्या मागे एक खुंटी मात्र ठोकून घे आणि तुझा कोट तिच्यावर टांग. तो दिवा मी टांगला होता.

तुझीच, अजूनही म्हणू दिलंस तर,
झेली